पाणी घातल्यावर काय उरते?

भारतातून कोणीतरी आणलेली व्हिस्कीची जुनी बाटली आणि इथल्या दुकानातली साधी अमेरिकन बाटली शेजारीशेजारी ठेवून दोन्हींची लेबले वाचावीत. भारतीय बाटलीवर 42.8 टक्के या आकड्याच्या जोडीला '75 अंश प्रूफ' किंवा '25 यू. पी.' असे छापलेले सापडते. अमेरिकन बाटलीवर असते '80 प्रूफ'. नुसते आकडे पाहिले तर कोणीही म्हणेल की अमेरिकन माल अधिक कडक. प्रत्यक्षात उलटे आहे. भारतातले प्रूफ इंग्रजांच्या मोजणीचे. त्यात 100 म्हणजे सुमारे 57.1 टक्के मद्यार्क, आणि त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे 42.8 टक्के. अमेरिकेचा हिशेब सोपा आहे. टक्केवारीची दुप्पट केली की झाले प्रूफ. म्हणजे 80 प्रूफ हे अवघे 40 टक्के. आपले 75 त्यांच्या 80 पेक्षा कडक भरले!

ही गंमत सांगण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींच्या घरी जमणाऱ्या मैफलींत या आकड्याला भलतेच महत्त्व आले आहे. स्कॉटलंडच्या 12 आणि 18 वर्षांच्या बाटल्यांशेजारी आता अमेरिकन सिंगल माल्टच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत, आणि यजमान कौतुकाने लेबल दाखवतात ते वयाचे नव्हे, प्रूफचे. एकशे सहा, एकशे वीस, एकशे पंचवीस! "पाण्याचा थेंब नाही हो यात," हे वर सांगितले जाते. या आकड्याने नेमके काय सिद्ध होते, आणि काय होत नाही, ते तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मंडळाच्या अंकात दारूवर लेख कशाला, असे काही वाचक म्हणतील. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून मराठीत दारूचा विषय निघाला की एक तर सुधाकराची शोकांतिका तरी होते, नाही तर तळीरामाचा विनोद तरी. दोन्ही आपापल्या जागी योग्यच आहेत. पण हापूस आणि पायरी यांतल्या फरकावर तासभर वाद घालणारी आपली जीभ पेल्यापाशी आली की एकदम मुकी होते आणि 'स्मूद आहे' किंवा 'कडक आहे' एवढ्यावर विषय संपवते. जे घराघरांत पोहोचले आहे त्याची चिकित्सा न करणे हे काही सोवळेपण नव्हे. असो.

पाणी घालणे ही आपल्याकडे शिवी

मराठीत 'पाणी घातलेले' हा शब्द कधी चांगल्या अर्थाने येत नाही. दुधात पाणी घालणारा गवळी, आमटीत पाणी वाढवणारी खाणावळ, पाणी घालून वाढवलेले भाषण! पाणी म्हणजे लबाडी, ही समजूत आपल्या भाषेत मुरलेली आहे. प्रूफ या कल्पनेचा जन्मही याच संशयातून झाला. जुन्या काळी जहाजावरच्या खलाशांना मिळणारी रम पाणचट आहे की नाही हे पाहण्यासाठी ती बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवत, आणि दारूने पेट घेतला तर रम 'प्रूव्ह' झाली असे मानत, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला किती हे बाजूला ठेवले, तरी 'प्रूफ' म्हणजे पुरावा, आणि पुरावा कशाचा तर पाणी न घातल्याचा, हा अर्थ त्यातून स्पष्ट होतो. पुढे इंग्लंडने 1816 च्या कायद्याने साइक्स यांचा द्रवघनतामापक अधिकृत ठरवला आणि आगीच्या जागी मोजपट्टी आली. अबकारी कर किती लावायचा ते ती मोजपट्टी ठरवू लागली. आपल्या बाटल्यांवरचे 75 अंश हा त्याच कारभाराचा वारसा. खुद्द ब्रिटनने 1980 मध्ये ही पद्धत सोडून सरळ टक्केवारी स्वीकारली.

अमेरिकेतही हाच धागा आहे. 1897 च्या 'बॉटल्ड-इन-बाँड' कायद्याने एक हमी दिली. एकाच भट्टीतली, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या कोठारात किमान चार वर्षे मुरलेली आणि 100 प्रूफला भरलेली व्हिस्की. त्या काळी रंग आणि अर्क मिसळून व्हिस्की म्हणून काहीही खपवणारे व्यापारी बोकाळले होते. त्यांच्यापासून गिऱ्हाईकाला वाचवणारा तो कायदा होता. तेव्हा '100 प्रूफ' हा आकडा खरोखरच प्रामाणिकपणाची खूण होता.

मुद्दा असा की आज दुकानातून घेतलेल्या सीलबंद बाटलीत कोणी चोरून पाणी घातले असेल ही भीती उरलेली नाही. टक्केवारी लेबलावर कायद्याने छापावी लागते. ज्या लबाडीविरुद्ध हा पुरावा जन्मला ती लबाडीच गेली, पण आकड्याभोवतीचे तेज मात्र तसेच राहिले. त्या तेजावर आजचा व्यापार चालतो.

शिवाय 'पाण्याचा थेंब नाही' हे विधानही तपासून घ्यावे असे आहे. दोनदा ऊर्ध्वपातन करून निघालेला माल्टचा अर्क साधारण 70 टक्क्यांच्या आसपासचा असतो. पिंपात भरण्याआधी त्यात पाणी घालून तो खाली आणतात. स्कॉटलंडात बहुधा 63.5 टक्क्यांवर आणतात. बर्बनला तर कायद्यानेच पिंपात भरताना 62.5 टक्क्यांची, म्हणजे 125 प्रूफची कमाल मर्यादा आहे. त्याहून मागे गेले तर ऊर्ध्वपातनासाठी भट्टीत जाते ती सुमारे 8-9 टक्क्यांची, हॉप्स न घातलेली बिअरच, आणि ती बहुतांशी पाणी. तेव्हा 'कास्क स्ट्रेंथ' याचा अर्थ एवढाच, की पिंपातून बाहेर काढल्यावर त्यात पाणी घातलेले नाही.

कायदा काय म्हणतो, कशावर गप्प आहे

अमेरिकन सिंगल माल्ट या नावाला सरकारी व्याख्या मिळाली ती अगदी अलीकडे. 2016 साली काही उत्पादकांनी एकत्र येऊन त्यासाठी आयोग स्थापला. संघराज्याच्या मद्य आणि तंबाखू कर खात्याने अंतिम नियम डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केला आणि 19 जानेवारी 2025 पासून तो अमलात आला. धान्य शंभर टक्के माल्ट केलेली बार्ली, म्हणजे आपला सातू किंवा जव. ऊर्ध्वपातन अमेरिकेतल्या एकाच डिस्टिलरीत आणि 160 प्रूफच्या वर नाही. मुरवणे अमेरिकेतच, 700 लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात. बाटलीत भरताना किमान 80 प्रूफ.

यातली पिंपाची बाब महत्त्वाची आहे. जुन्या अमेरिकन नियमांत 'माल्ट व्हिस्की' असा एक प्रकार होता. त्यात माल्ट 51 टक्के असला तरी चाले, पण पिंप मात्र आतून जाळलेले कोरेच हवे असे. कोऱ्या जळक्या ओकमधून व्हॅनिला, कॅरॅमल आणि तुरटपणा झपाट्याने उतरतो. बर्बनमधला मका मुळात गोडसर आणि धट्टाकट्टा, तो हे सहन करतो. सातूची चव नाजूक. म्हणून स्कॉटलंडात एकदा वापरलेल्या पिंपांना पसंती असते. नव्या नियमाने अमेरिकन उत्पादकांनाही जुनी पिंपे वापरायची मोकळीक दिली, हे त्याचे मोठे श्रेय आहे.

आता नियम कशावर गप्प आहे ते पाहावे. स्कॉटलंडात किमान तीन वर्षे मुरवण्याचे बंधन आहे, आणि सिंगल माल्टसाठी तांब्याच्या पॉट स्टिलचे. अमेरिकेत ही दोन्ही बंधने नाहीत. लेबलावर 'स्ट्रेट' हा शब्द असेल तर किमान दोन वर्षांची खात्री मिळते, एवढेच. म्हणजे वय सांगण्याची सक्ती बेताची आणि प्रूफ सांगण्याची पूर्ण. जे सांगावेच लागते त्याचीच जाहिरात करणे सोयीचे, आणि बहुतेकांनी तेच केलेले दिसते.

आकडा येतो कुठून

उच्च प्रूफ म्हणजे अधिक मुरलेली व्हिस्की, असा एक समज आहे. हे प्रकरण थोडे पदार्थविज्ञानाचे आहे. पिंपाच्या लाकडातून मद्यार्क आणि पाणी दोन्ही बाहेर झिरपतात आणि उडून जातात. हवेत मद्यार्काची वाफ जवळपास नसतेच, त्यामुळे मद्यार्काला उडायला कुठेही अडथळा नाही. पाण्याचे तसे नाही. कोठार दमट असेल तर हवेत आधीच पाणी भरलेले असते, म्हणून पाणी कमी उडते आणि प्रूफ वर्षागणिक उतरत जाते. स्कॉटलंडात हे घडते. कोठार कोरडे असेल तर पाणीच आधी पळते आणि प्रूफ चढते. डेन्व्हरसारख्या मैलभर उंचीवरच्या कोरड्या गावात दुसरी तऱ्हा. म्हणजे 60 टक्के हा आकडा दोन वर्षांच्या पोराचाही असू शकतो आणि बारा वर्षांच्या जाणत्याचाही. प्रूफवरून वय ओळखणे हे पावसावरून कॅलेंडर ओळखण्यासारखे आहे.

या बाबतीत अमेरिकेच्या दक्षिणेचे खरे नातेवाईक स्कॉटलंडात नसून आपल्याकडे आहेत. बंगळूरच्या जगदाळे कुटुंबाच्या 'अमृत' डिस्टिलरीने 24 ऑगस्ट 2004 रोजी थेट ग्लासगोत आपली सिंगल माल्ट बाजारात आणली. गोव्यात कुंकळ्ळीला मुरणारी 'पॉल जॉन' 2012 मध्ये लंडनला पोहोचली. त्याआधी 'भारतीय व्हिस्की' म्हणजे साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावरचा माल, असेच समीकरण होते, आणि युरोपच्या नियमांत तो व्हिस्की या नावाला पात्रही नव्हता. अमृतपुढचे संकट उष्णतेचे होते. स्कॉटलंडात दरवर्षी पिंपातले सुमारे 2 टक्के उडून जाते, बंगळुरात 10 ते 12 टक्के. उष्ण प्रदेशात लाकूडही वेगाने उतरते, त्यामुळे चार-पाच वर्षांत थांबावेच लागते. टेक्सासमधल्या उत्पादकांपुढे नेमका हाच प्रश्न आला. लोणचे उन्हात लवकर मुरते हे खरे, पण बरणी विसरली तर कैरीऐवजी मोहरीच चावावी लागते.

पेल्यातली परीक्षा

मग उच्च प्रूफचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो खरा आहे. 46 टक्क्यांच्या खाली व्हिस्की थंड झाली किंवा तिच्यात पाणी पडले की त्यातले काही तेलकट घटक गढूळ होऊन दिसू लागतात. ते टाळण्यासाठी हलक्या बाटल्या बऱ्याचदा गार करून गाळतात, आणि गाळण्यात थोडी चवही जाते. 46 च्या वर ही गरज पडत नाही. म्हणूनच अनेक चांगल्या माल्ट 46 टक्क्यांना भरलेल्या असतात.

दुसरा फायदा कोल्हापूरकरांना चटकन समजेल. चांगल्या मिसळीबरोबर कट वेगळा येतो. किती घालायचा ते खाणाऱ्याने ठरवायचे. कास्क स्ट्रेंथ बाटली म्हणजे वेगळा दिलेला कट. पाणी घालण्याचा निर्णय कारखान्याने घेतलेला नाही, तुमच्यावर सोपवलेला आहे. हा निर्णय घ्यायचाच नसेल, नुसता कट ओरपून कपाळावरचा घाम पुसत 'जबरदस्त' म्हणायचे असेल, तर मिसळ राहिली बाजूला.

पाण्याने चव 'फिकी' होते हा समजही अर्धवट आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी 2017 मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल मांडून पाहिली. धुराची चव देणारा ग्वायाकॉल हा घटक त्यांनी निवडला. मद्यार्क 45 टक्क्यांपर्यंत असताना हे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या वाटेवर, जमतात. 59 टक्क्यांच्या वर गेले की मद्यार्क त्यांना वेढून आत ओढून धरतो. हा एका घटकाचा हिशेब आहे आणि तोही गणिती प्रतिकृतीतला. पण पाण्याचे दोन थेंब पडताच पेला 'बोलू' लागतो, या जुन्या अनुभवाला त्याने एक कारण दिले.

यावरून मी एक साधी परीक्षा वापरतो. 30 मिलिलिटर कास्क स्ट्रेंथ घ्यावी आणि आधी तशीच हुंगून एक घोट चाखावा. मग 15 मिलिलिटर पाणी घालावे, म्हणजे ती 42 टक्क्यांच्या आसपास येते. थोडे थांबून आणखी 15 घालावे, म्हणजे 31 च्या आसपास. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा. धान्य लागते का? लहानपणी गूळ-दूध घालून कालवलेल्या सातूच्या पिठाचा भाजका, खमंग वास ज्यांच्या लक्षात आहे त्यांना ही चव वेगळी शिकावी लागत नाही.

पोर्टलंडच्या 'वेस्टवर्ड'ची कास्क स्ट्रेंथ 125 प्रूफ. ही मंडळी मुळात बिअरच्या परंपरेतली, एल जातीचे यीस्ट वापरणारी, आणि पिंपे कोरी पण हलकी जाळलेली. तशीच घेतली तर कॅरॅमल आणि जळजळ यांपलीकडे माझ्या जिभेला फार काही कळत नाही. पहिल्या पाण्याने मात्र ती एकदम उलगडते. भाजलेला पाव, कोको, थोडा मध. दुसऱ्या पाण्याला धान्य मागे सरते आणि लाकडाचा कडवटपणा उरतो. माझ्या मते हिची खरी जागा 45 ते 50 टक्क्यांत आहे. बाटलीवरचा 125 हा आकडा तिच्या गुणांपेक्षा मोठ्याने ओरडतो.

टेक्सासमधल्या वेको गावची 'बाल्कोनीज' 2008 सालची. पुलाखालच्या जुन्या वेल्डिंगच्या दुकानात ती सुरू झाली, आणि सुरुवातीच्या भट्ट्या चिप टेट यांनी स्वतः बनवल्या. तिच्या सिंगल माल्टने 2012 मध्ये लंडनच्या 'बेस्ट इन ग्लास' स्पर्धेत स्कॉटलंडच्या बाटल्यांना मागे टाकले. पुढे टेट बाहेर पडले आणि 2022 मध्ये डियाजिओने कंपनी घेतली. ही बाटली 106 प्रूफची, म्हणजे 53 टक्के. तशीच प्यायली तर अतिपिकल्या केळ्याचा आणि काकवीचा घमघमाट. पहिल्या पाण्याने केळे ओसरून सातू पुढे येतो, आणि दुसऱ्या पाण्यानंतरही तो टिकतो. लाकूड भरपूर आहे, पण धान्याने त्याच्याशी बरोबरीने सामना दिलेला आहे. इथे प्रूफ कामाला आले असे म्हणता येते.

तुलनेसाठी 'अमृत'ची 61.8 टक्क्यांची बाटली घ्यावी. उष्णता तीच, शक्तीही तशीच, पण पहिल्या घोटापासून धान्य हजर. संत्र्याची साल, सातू, किंचित मसाला. दुसऱ्या पाण्यालाही ती कोसळत नाही. वापरलेल्या पिंपांचा हात पाठीशी असल्याचा हा परिणाम असावा असे मला वाटते.

आणि आता प्रूफची स्पर्धा न करणारी एक. सिॲटलची 'वेस्टलंड' 2010 मध्ये सुरू झाली. स्टाउट बिअरला लागतात तसे भाजलेले माल्ट धरून पाच जातींचे माल्ट, बेल्जियन बिअरचे यीस्ट, आणि काही बाटल्यांसाठी वायव्य किनाऱ्यावरचा स्थानिक गॅरी ओक. तिची नेहमीची बाटली 46 टक्के, म्हणजे अवघी 92 प्रूफ. पण चॉकलेट, कॉफी आणि भाजक्या धान्याचे असे मिश्रण वरच्या चढ्या बाटल्यांत मला सापडले नाही. अमेरिकन सिंगल माल्टने स्वतःचे म्हणून काय आणले, असे कोणी विचारले तर मी प्रूफ दाखवणार नाही, हे भाजलेले माल्ट दाखवीन. दक्षिण-पश्चिमेत पीटऐवजी मेस्कीटच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला माल्ट दाखवीन. ही चव स्कॉटलंडला सुचली नव्हती. मोठा आकडा मात्र कोणत्याही पिंपातून निघतो.

पेग कशाचा?

शेवटी एक गोष्ट, जी चवीपेक्षा महत्त्वाची आहे. आपण मोजतो ते पेग. 'दोनच घेतले' हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या कानांवर आहे. पेग हे आकारमान झाले. त्यात मद्यार्क किती ते प्रूफ ठरवते. भारतातल्या 42.8 टक्क्यांच्या 60 मिलिलिटरमध्ये सुमारे 26 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. 125 प्रूफच्या 60 मिलिलिटरमध्ये तो 37.5 होतो. अमेरिकेत ज्याला एक प्रमाणित पेय म्हणतात त्यात 14 ग्रॅम, म्हणजे साधारण 17.7 मिलिलिटर मद्यार्क धरतात. या हिशेबाने कास्क स्ट्रेंथचे 'दोनच' मोठे पेग म्हणजे चारांहून अधिक पेये झाली. बहुतेक राज्यांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा रक्तात 0.08 टक्के आहे. युटामध्ये 2018 च्या अखेरीपासून ती 0.05 आहे. आणि आपल्या मैफली संपतात त्या बहुधा उपनगरात, रात्री बारा वाजता, मागच्या सीटवर मुले झोपलेली असताना.

म्हणून कास्क स्ट्रेंथची बाटली घरी उघडणाऱ्याने पेला भरून देण्याआधी प्रूफ मोठ्याने सांगावे, 30 मिलिलिटरच ओतावे आणि शेजारी साध्या पाण्याचा तांब्या ठेवावा. एवढ्याशा मापातही एक पूर्ण प्रमाणित पेय असते. पाहुण्याने पाणी मागितले तर 'अहो, चव जाईल' म्हणून त्याला अडवू नये. पाणी घालून जी चव जाते ती मुळात व्हिस्कीची नव्हतीच, ती नुसत्या मद्यार्काची होती.

अमेरिकन सिंगल माल्टला व्याख्या मिळाली, आता तिला पारखी गिऱ्हाईक हवे आहे. वेस्टवर्डसारख्या नावाजलेल्या कंपनीला 2025 मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागावे लागले, इतका हा धंदा बिकट आहे. गिऱ्हाईकाने आकडा मागितला तर आकडा मिळेल, धान्य मागितले तर कदाचित धान्य मिळेल. आपल्या घरी आलेल्या बाटलीला निदान हा एक प्रश्न तरी विचारायला हरकत नाही, आणि त्यासाठी तांब्यातले पाणी पुरते.